सायगॉन 1975: हेलिकॉप्टरं समुद्रात का लोटली, आणि जहाजांवर एवढी माणसं मावली कशी?

दर्यावर्दी
दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन 30 एप्रिल 1975 ला उत्तर व्हिएतनामच्या सैन्यापुढे पडलं. त्या दिवसांचा विषय निघाला की दोनच चित्रं पुढे येतात. एक म्हणजे गच्चीवरच्या शिडीला लागलेली माणसांची रांग, आणि दुसरं म्हणजे डेकवरून समुद्रात लोटलं जाणारं हेलिकॉप्टर. 29 आणि 30 एप्रिलच्या 'ऑपरेशन फ्रीक्वेंट विंड'मध्ये हेलिकॉप्टरांनी साधारण 7,000 माणसं बाहेर काढली. पण त्या दिवसांत देश सोडून अमेरिकेच्या आश्रयाला गेलेल्यांचा आकडा 1,30,000 च्या घरात जातो. त्यातले 45-50 हजार आधीच्या आठवड्यांत मालवाहू विमानांनी गेले. बाकी बहुतेकांनी पाण्याची वाट धरली. युद्धनौका, मालवाहू जहाजं, बार्ज, मचवे, जे मिळेल ते. या पाण्यावरच्या भागाबद्दल मराठीत फार लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हा धागा.

प्रश्न दोन आहेत:
1. चालू स्थितीतली हेलिकॉप्टरं पाण्यात टाकणं खरोखर गरजेचं होतं का?
2. अडीचशे माणसांसाठी बांधलेल्या नौकेवर हजारो माणसांचं खाणंपिणं, संडास, झोपणं कसं भागवलं?

टेहळणी
चांगला विषय. आधी एक दुरुस्ती. शिडीवरच्या रांगेचा तो फोटो अमेरिकन वकिलातीचा नाही. तो 22, जिया लाँग रस्त्यावरच्या इमारतीचा आहे, आणि हेलिकॉप्टर एअर अमेरिका या सीआयएच्या विमान कंपनीचं ह्युई आहे. वकिलातीतून माणसं सीएच-46 आणि सीएच-53 या हेलिकॉप्टरांनी निघाली. गच्चीवर फक्त 46 उतरायचं, मोठं 53 आवारातल्या पार्किंगमध्ये. तिथलं झाड त्यासाठी आधी तोडावं लागलं.

हवालदिल
प्रश्न 1: माझ्या मते तो पैशांचा चुराडा होता. एकट्या मिडवेवरून टाकलेल्या हेलिकॉप्टरांची किंमत 1 कोटी डॉलर सांगतात. एवढ्या अवाढव्य विमानवाहू नौकेवर दहा-वीस ह्युई बाजूला लावता येत नाहीत?

फ्लाइटडेक
@हवालदिल, मिडवे त्या दिवशी नेहमीची मिडवे नव्हती. स्वतःची बरीचशी लढाऊ विमानं उतरवून तिने अमेरिकी हवाई दलाची दहा मोठी हेलिकॉप्टरं घेतली होती, आठ सीएच-53 आणि दोन एचएच-53. ही सतत किनाऱ्याकडे फेऱ्या मारत होती. त्यांना उतरायला, तेल भरायला आणि माणसं उतरवायला मोकळी जागा कायम लागत होती. तेवढ्यात दक्षिण व्हिएतनामी हवाई दलाची ह्युई न सांगता, रेडिओवर संपर्क न करता, तेलाचा काटा तळाला टेकलेला असताना येऊन धडकायला लागली. ह्युईचा पंखा 48 फुटांचा. पंखा फिरत असेपर्यंत आजूबाजूच्या तेवढ्या वर्तुळात काहीही करता येत नाही.

त्यात ह्युईला चाकं नाहीत, खाली स्किड म्हणजे लांब दांडे असतात. हलवायचं तर स्किडला वेगळी चाकं लावावी लागतात. ती नसली की पंधरा-वीस माणसांनी शेपटीला आणि स्किडला धरून घासत न्यायचं. रिकामं ह्युई सव्वादोन टनांच्या वर भरतं. काठापर्यंत नेऊन टाकणं हे लिफ्टने खाली नेऊन नीट लावण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं. काही ह्युई ठेवलीही होती, सरसकट सगळी टाकली नाहीत.

आणि मिडवेचा मुख्य प्रसंग वेगळाच आहे. दक्षिण व्हिएतनामी हवाई दलाचा मेजर बुआंग ली बायको आणि पाच मुलांना घेऊन कोन सोन बेटावरून दोन आसनांच्या सेसना 'बर्ड डॉग'मधून आला. रेडिओ जुळेना, म्हणून त्याने डेकवर चिठ्ठी टाकली. पहिल्या चिठ्ठ्या वाऱ्याने उडून गेल्या, शेवटची पिस्तुलाच्या म्यानाला बांधून टाकलेली सापडली. तासाभराचं तेल आहे, हेलिकॉप्टरं बाजूला घ्या, मी उतरतो, असा त्यातला मजकूर. कॅप्टन लॉरेन्स चेंबर्सने डेक रिकामा करायला सांगितला तो यासाठी. तुम्ही म्हणता तो चुराडा बराचसा या एका विमानाकरता झाला.

वारा_आणि_लाट
वर फ्लाइटडेक यांनी लिहिलं त्यात थोडी भर. समुद्रात उतरायला सांगणं हा पर्याय होता, पण बर्ड डॉगची चाकं पोटाखाली बाहेरच असतात. पाण्याला लागली की विमान पालथं होतं, आणि आत पाच लेकरं.

उतरण्याचं गणित बघा. विमानाला हुक नाही, त्यामुळे अरेस्टिंग वायरचा, म्हणजे विमान अडवायला डेकवर आडव्या ताणलेल्या तारेचा, उपयोग शून्य. मग जहाजच पळवायचं. मिडवेने 25 नॉट (तासाला 25 सागरी मैल) वेग धरला, समोरून वारा साधारण 15 नॉट, म्हणजे डेकवर 40 नॉट वारा. बर्ड डॉग 55-60 नॉटने खाली येतं. त्यामुळे डेकच्या हिशोबाने ते जेमतेम 15-20 नॉटने सरकत होतं, म्हणजे सायकल जरा जोरात हाणल्यासारखं. ब्रेक लावले आणि थांबलं. धोका होता तो मागच्या बाजूला. एवढं मोठं जहाज वेगाने चाललं की त्याच्या पाठीमागे हवा खाली ओढली जाते आणि हलकं विमान डेकच्या कडेखाली दबतं. म्हणून थोडं उंचावरून येणं भाग होतं. ते विमान आज पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात आहे.

हवालदिल
हे माहीत नव्हतं. मग माझा मुद्दा मिडवेपुरता मागे. पण लहान जहाजांवरही टाकलीच ना?

सुकाणू
लहान जहाजांवर तर प्रश्नच नव्हता. यूएसएस कर्क ही अमेरिकी नौदलाची लहान युद्धनौका घ्या. नॉक्स वर्गाची, 438 फूट लांब, चार हजार टनांच्या आसपास. हेलिकॉप्टर उतरायला मागे एकच छोटी जागा, तीही सी-स्प्राइट नावाच्या लहान हेलिकॉप्टरच्या मापाची. एक ह्युई उतरलं की डेक बंद. दुसरं डोक्यावर घिरट्या घालतंय, त्यात माणसं आहेत, तेल संपत आलंय. पहिलं टाकायचं किंवा दुसऱ्याला पाण्यात पडू द्यायचं, तिसरा मार्ग नाही.

त्यात चिनूक, म्हणजे मोठं मालवाहू हेलिकॉप्टर, आलं. दोन पंखे, प्रत्येकी 60 फुटांचे, पंख्यांसकट लांबी 99 फूट. कर्कची रुंदी 47 फूट. उतरलं असतं तर पंखे डेकवरच्या इमल्यावर (सुपरस्ट्रक्चर) आपटून डेकवरची माणसं कापली गेली असती. खलाशांनी हात हलवून 'उतरू नको' सांगितलं. बा न्ग्युयेन या पायलटने ते जहाजाच्या मागच्या भागावर हवेत स्थिर धरलं. दारातून त्याची बायको, मुलं आणि बाकीचे एकेक करून खाली उभ्या खलाशांच्या हातांत पडले. तान्ही मुलगीही तशीच झेलली. मग तो जहाजापासून दूर गेला आणि पाण्यालगत चिनूक धरून ठेवलं. एका हाताने स्टिक सांभाळत त्याने उड्डाणाचा पोशाख उतरवला, हेलिकॉप्टर एका अंगाला कलंडवलं आणि दुसऱ्या बाजूने उडी घेतली. पंखे पाण्यावर आपटून तुकडे चौफेर उडाले. कर्कच्या होडीने त्याला उचललं.

यातली तांत्रिक बाब अशी की पंखे फिरत असताना पायलट ज्या बाजूने उडी मारेल तिकडे हेलिकॉप्टर कलता कामा नये. कलतं त्या बाजूचं पातं आधी पाण्यात जातं, फुटतं, आणि मग सगळं धूड त्याच अंगावर लोळतं. ह्युईच्या पायलटांनाही त्या दिवशी हेच करावं लागलं. काही वाचले, काहींना उचलायला उशीर झाला.

अनामिका_ठाणे
अंगावर काटा आला. वाखुसा (वाचनखूण साठवली).

इंजिनरूम
प्रश्न 2 कडे येतो, कारण खरी कसोटी तिथे आहे. सुरुवात पाण्यापासून.

त्या उष्णतेत उघड्या डेकवर बसलेल्या माणसाला नुसतं प्यायला दिवसाला 3-4 लिटर पाणी धरा. 2,000 माणसं म्हणजे 6 ते 8 टन. नॉक्स वर्ग वाफेवर चालतो. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारी इव्हॅपोरेटर यंत्रं आधी बॉयलरची तहान भागवतात, मग माणसांची. बॉयलर 1,200 पौंड दाबाचे, त्यांना अतिशुद्ध पाणी लागतं. वेग वाढवला की बॉयलर जास्त पाणी खातो. म्हणजे पाहुणे जास्त असतील तर एक तर जहाज हळू चालवायचं, नाहीतर खलाशांची आंघोळ बंद. नळ उघडे ठेवून चालत नाही. डेकवर एक-दोन ठिकाणी पिंपं ठेवायची, शेजारी माणूस उभा करायचा आणि पेल्याने मोजून द्यायचं. वाहती तोटी दिली की अर्धं पाणी सांडतं.

सावली हा दुसरा मुद्दा. लोखंडी डेक दुपारी इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. ताडपत्र्या आणि कॅनव्हास बांधून छत करायचं, आणि डेकवर समुद्राचं पाणी मारत राहायचं.

रांधपघर
जेवणाबद्दल मी लिहिते. कोरडा तांदूळ माणशी दिवसाला 400 ग्रॅम धरला तर 2,000 माणसांना 800 किलो. अमेरिकन नौकेवर ब्रेड, मांस आणि बटाटे भरपूर, तांदूळ त्या मानाने नावापुरता. शिवाय उपाशी पोटी आणि बोट लागलेल्या माणसाला चरबट मांसाचं जेवण दिलं की उलट्या आणि हगवण ठरलेली. पहिले दोन दिवस मऊ भात किंवा पेज, मीठ घालून, हेच पचतं. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, वाफेवर चालणाऱ्या मोठ्या केटल असतात, त्यात सूप करतात. त्यात भात शिजवताना घोटाळा असा होतो की वाफ भिंतींतून येते, कडेचा भात लगदा होतो आणि मधला कच्चा राहतो. कमी भरायचं, पाणी जास्त घालायचं, मधून ढवळत राहायचं. चांगला मोकळा भात विसरा, पेजच करा.

तान्ह्या बाळांचं आणखी अवघड. युद्धनौकेवर दुधाची बाटली नाही, लंगोट नाहीत. चादरी आणि टॉवेल फाडून लंगोट करावे लागतात.

मालवणी_तांडेल
पेजेचं नाव काढल्यावर आमचे कोकणवाले गप्प कसे बसतील! रांधपघर यांना शंभर टक्के अनुमोदन. पेज आणि मीठ, दुसरं औषध नाही.

इंजिनरूम
संडास राहिलेच. आतले संडास अडीचशे माणसांच्या मापाचे. तिथे हजारांना सोडलं की तासाभरात पाइप तुंबतात, कारण लोक कागदाऐवजी मिळेल ते टाकतात, आणि मग घाण उलटून राहायच्या खोल्यांत येते. म्हणून डेकच्या मागच्या कडेला, कठड्याबाहेर निघेल असं लाकडी फळ्यांचं पन्हळ बांधायचं आणि अग्निशमनाच्या होजचं समुद्राचं पाणी त्यातून सतत सोडून ठेवायचं. कॅनव्हासचा आडोसा, बायकांचं वेगळं. हे पहिल्या सहा तासांत झालं नाही तर तिसऱ्या दिवशी आजाराची साथ आलीच समजा.

जुनी_पानं
हे सगळं 1975 मध्ये पहिल्यांदा घडलं नाही. व्हिएतनामचे उत्तर-दक्षिण असे भाग करणाऱ्या 1954 च्या जिनिव्हा करारानंतर उत्तरेकडून दक्षिणेकडे जायला लोकांना 300 दिवसांची मुदत होती. फ्रेंचांनी विमानांनी आणि जहाजांनी नेलं, आणि अमेरिकी नौदलाने टास्क फोर्स 90 लावून 3,10,000 च्या वर माणसं उत्तरेतल्या हैफाँग बंदराहून नेली. त्याला 'पॅसेज टू फ्रीडम' म्हणतात. पहिलं जहाज यूएसएस मेनार्ड, 17 ऑगस्ट 1954 ला सुमारे 1,900 माणसं घेऊन निघालं.

हैफाँगच्या नदीत गाळ फार, मोठी जहाजं आत येत नसत. म्हणून लहान उतार-बोटींतून माणसं बाहेरच्या नांगरवाड्यात न्यायची आणि तिथे मोठ्या जहाजावर चढवायची. चढण्याआधी डीडीटीची भुकटी मारायची, उवांमुळे टायफस पसरू नये म्हणून. डीडीटीबद्दल आज काय मत आहे ते सगळ्यांना माहीत आहे, पण तेव्हा साथ रोखायचा हाच उपाय हाताशी होता. इंजिनरूम यांनी लिहिलेली पन्हळी तेव्हाही होती.

आणि इथे भारताचा खरा संबंध येतो. कराराच्या कलम 14(ड) प्रमाणे ज्याला हवं त्याला दुसऱ्या भागात जाऊ द्यायचं होतं. ते पाळलं जातं का हे बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. पहिले अध्यक्ष एम. जे. देसाई. गावागावांतून तक्रारी यायच्या की आम्हाला निघू देत नाहीत, आणि तीन देशांच्या फिरत्या पथकांनी जाऊन चौकशी करायची. किनाऱ्यावर वाळूच्या पट्ट्यांवर येऊन अडकलेल्या हजारो लोकांना फ्रेंच नौकांनी उचललं तेही त्याच काळातलं. मुदत पुढे जुलै 1955 पर्यंत वाढवली.

दर्यावर्दी
@जुनी_पानं, फार उपयुक्त. मग 1975 मध्ये हा अनुभव वापरला गेला का?

जुनी_पानं
1954 मध्ये महिने हाताशी होते. 1975 च्या मार्चमध्ये दक्षिण व्हिएतनामचं दा नांग बंदर पडत होतं तेव्हा तासांचा हिशोब होता. बार्जवर माणसं खचाखच भरली, बार्ज समुद्रात ओढून नेले, वर छप्पर नाही, पाणी नाही. तहानेने आणि चेंगरून लोक मेले. 'पायोनियर कंटेंडर'सारख्या मालवाहू जहाजांवर नागरी खलाशी होते आणि हत्यारबंद पळपुटे सैनिक वर चढले. लूटमार झाली, खून झाले. त्यानंतर मिलिटरी सीलिफ्ट कमांडच्या (अमेरिकी लष्कराची सागरी वाहतूक शाखा) जहाजांवर मरीन सैनिकांच्या तुकड्या ठेवल्या आणि शिडीच्या तोंडाशी झडती घेऊन हत्यारं पाण्यात टाकायचा नियम केला. एप्रिलअखेरची गर्दी दा नांगपेक्षा मोठी असूनही त्या मानाने शिस्तीत पार पडली, त्यामागे हा नियम आहे. माझ्या मते हेलिकॉप्टरांच्या फोटोंपेक्षा ही गोष्ट जास्त सांगितली गेली पाहिजे.

मालवणी_तांडेल
मचव्यातून जहाजावर माणूस चढवणं हे या सगळ्यात सगळ्यात घातक काम, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

मोठ्या जहाजाने वाऱ्याच्या वरच्या अंगाला येऊन आडवं राहायचं, म्हणजे आडोशाच्या बाजूला पाणी जरा निवळतं. इंजिन थांबवायचं, पंख्याचा ओढा नको. पण जहाज उंच, त्याला वारा जास्त लागतो, ते हळूहळू मचव्यावर सरकत येतं. मध्ये फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी गादी, नसतील तर फळ्या फुटतात. लाटेवर मचवा दोन मीटर वरखाली होत असेल तर दोराच्या शिडीवर पाय ठेवायचा तो मचवा वर आलेला असतानाच. खाली जाताना ठेवला की पुढच्या लाटेला मचवा येऊन पाय चिरडतो. लेकरं आणि म्हातारी माणसं शिडीवर घालायचीच नाहीत, माल चढवायच्या जाळ्यात बसवून क्रेनने घ्यायची.

सगळ्यात मोठी भीती सगळे एका बाजूला धावण्याची. हिशोब करून दाखवतो. 40 टनांचा मचवा, 100 माणसं, म्हणजे 5 टन. ती मधून दीड मीटर बाजूला सरकली की 7.5 टन-मीटर. मचव्याची स्थिरता (मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कललेला मचवा किती जोराने परत सरळ होतो त्याचं माप) अर्धा मीटर धरली तर तो 20 अंशांवर कलतो, आणि काठ पाण्याखाली. तीच 100 माणसं चार हजार टनांच्या कर्कवर एका कठड्याला गेली तर एक अंशही कलत नाही. म्हणून लाऊडस्पीकरवरून त्यांच्या भाषेत 'खाली बसा, जागेवर राहा' सांगणारा माणूस दोर टाकायच्या आधी हवा. दोर आधी टाकला की संपलं.

सुकाणू
तांडेल, हे फार नेमकं लिहिलंत. याला जोडून कर्कचा दुसरा भाग. 30 एप्रिलच्या रात्री अमेरिकी संरक्षण खात्याचा रिचर्ड आर्मिटेज कर्कवर आला आणि कॅप्टन पॉल जेकब्जला कोन सोन बेटाकडे जायला सांगितलं. तिथे दक्षिण व्हिएतनामी नौदलाचं उरलंसुरलं आरमार जमलं होतं, तीसच्या वर जहाजं आणि त्यांवर सुमारे 30,000 माणसं. कोन सोन ते फिलिपिन्सचा सुबिक बे साधारण 900 सागरी मैल. काही जहाजांची इंजिनं धड नव्हती, ती ओढून न्यावी लागली, म्हणून सगळा काफिला 5-6 नॉटने चालला. कर्कचे लोक जहाजाजहाजावर जाऊन इंजिनं चालू करत होते, पाणी आणि तांदूळ पोचवत होते, आजारी माणसं तपासत होते. प्रवासात मृत्यू फार थोडे झाले. 30,000 माणसं आणि मे महिन्याचं ऊन बघता हे मोठं काम आहे.

सुबिकच्या दारात नवीन अडचण. फिलिपिन्स सरकारने व्हिएतनामच्या नव्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली होती, त्यामुळे दक्षिण व्हिएतनामचा झेंडा लावलेली जहाजं आत घेता येईनात. तोडगा असा की ही जहाजं मुळात अमेरिकेने दिलेली, म्हणून ती अमेरिकेला परत. 7 मे ला प्रत्येक जहाजावर समारंभाने झेंडा उतरवला, राष्ट्रगीत झालं, अमेरिकी झेंडा चढवला, दारूगोळा समुद्रात टाकला आणि मग प्रवेश मिळाला.

निळा_दिवा
सगळीकडे कौतुकच चाललंय म्हणून दुसरी बाजू. अमेरिकी नौदलाची यूएसएस डुबुक, जून 1988. इंजिन बंद पडलेली, भरकटलेली व्हिएतनामी निर्वासितांची बोट तिला दिसली. कॅप्टन अलेक्झांडर बालियनने डबाबंद अन्न, पाणी आणि नकाशा दिला आणि तिला तिथेच सोडून जहाज पुढे नेलं. 110 माणसं निघाली होती, फिलिपिन्समधल्या बोलिनाओच्या मच्छीमारांनी वाचवली तेव्हा 52 उरली होती. शेवटच्या दिवसांत मेलेल्यांचं मांस खाऊन काही जगले. कोर्टमार्शलमध्ये कॅप्टन कर्तव्यात कसूर केल्याबद्दल दोषी ठरला.

वारा_आणि_लाट
बालियनची बाजू अशी होती की बोट तरंगण्यालायक आहे असा त्याचा समज झाला आणि त्याला पर्शियन आखातात कामगिरीवर पोचायचं होतं.

निळा_दिवा
समज व्हायला बोटीवर माणूस चढवून तपासायला हवं होतं. इंजिन चालू होतं का, पाणी किती शिरलंय, किती दिवस झाले, हे तीन प्रश्न. इंजिन बंद असलेल्या बोटीला नकाशा देऊन काय होणार? वारा नेईल तिकडे ती जाणार. यात मला दोन बाजू दिसत नाहीत.

मालवणी_तांडेल
निळा_दिवा यांच्याशी सहमत. बंद इंजिनाची बोट म्हणजे ओंडका.

जुनी_पानं
व्यापारी जहाजांचं दुखणं वेगळं होतं. माणसं उचलली की पुढच्या बंदरात कुणी उतरवून घेत नसे, जहाज अडकून पडे आणि मालक कॅप्टनवर चिडे. त्यामुळे काही जहाजं वाट बदलून निघून जात. निर्वासितांवरच्या 1979 च्या जिनिव्हा परिषदेच्या सुमारास काही देशांनी हमी दिली की ज्या जहाजाच्या झेंड्याचा देश घेणार नाही, त्यांना आम्ही घेऊ. सिंगापूर तर 90 दिवसांत हलवण्याची हमी असल्याशिवाय उतरू देत नसे. त्याच जुलैत राष्ट्राध्यक्ष कार्टरने अमेरिकेच्या पश्चिम पॅसिफिकमधल्या सातव्या आरमाराला अशा बोटी शोधून मदत करायचा हुकूम दिला. कुठे उतरवायचं हे ठरलेलं असलं की कॅप्टन थांबतो.

टेहळणी
अवांतर: डुबुक आणि सायगॉनला आलेली डेन्व्हर, डुलुथ ही ऑस्टिन वर्गाची जहाजं. त्याच वर्गाची यूएसएस ट्रेंटन आपण घेतली, ती आजची आयएनएस जलाश्व. मे 2020 मध्ये समुद्र सेतू मोहिमेत तिने मालेहून 698 भारतीयांना कोचीला आणलं. या वर्गाच्या पोटात मागे पाणी घेऊन बुडवता येणारा डॉक असतो, होड्या थेट आत येतात. तांडेल यांनी सांगितलेला शिडीचा धोका तिथे बराच टळतो.

हवालदिल
पुन्हा माझ्या पहिल्या प्रश्नावर. सगळं मिळून किती हेलिकॉप्टरं गेली?

फ्लाइटडेक
साधारण 45 ह्युई आणि निदान एक चिनूक, त्यात टाकलेली आणि पायलटांनी पाण्यात उतरवलेली दोन्ही आली. पण दुसरा हिशोबही धरा. थायलंडला उताफाओच्या हवाई तळावर पळालेली दक्षिण व्हिएतनामी हवाई दलाची विमानं मिडवेने नंतर जाऊन चढवली आणि पॅसिफिकमधल्या गुआम या अमेरिकी बेटावर नेली. ज्यांना जागा आणि वेळ होता ती वाचवली, ज्यांच्या जागी माणूस उतरायचा होता ती टाकली.

दर्यावर्दी
@सुकाणू, सुबिकला आलेल्या त्या जहाजांचं पुढे काय झालं?

सुकाणू
बरीचशी फिलिपिन्सच्या नौदलाने घेतली. लि थुओंग कियेतचं आंद्रेस बोनिफासिओ झालं, त्रान क्वांग खाईचं दिएगो सिलांग. दोन्ही मूळची दुसऱ्या महायुद्धातली बार्नेगट वर्गाची, म्हणजे सी-प्लेनना तेल-पाणी पुरवणारी जहाजं, मधल्या काळात अमेरिकी कोस्ट गार्डकडे. माणसं गुआमला गेली, ओरोट पॉइंटच्या तंबूंत. तिथून पुढे अमेरिकेतल्या पेंडलटन, फोर्ट चॅफी, एग्लिन आणि इंडियनटाउन गॅप या छावण्या. काहींनी परत जायचा हट्ट धरला, त्यांना ऑक्टोबर 1975 मध्ये 'व्हिएतनाम थुओंग तिन' जहाज दिलं. पंधराशेच्या वर माणसं परतली, आणि उतरल्यावर त्यांना छावण्यांत डांबलं. त्या जहाजाचा कप्तान त्रान दिन्ह त्रु. त्याच्यावर वेगळा धागा काढतो, इथे मावणार नाही.

अनामिका_ठाणे
काढाच. दुवा इथेही द्या.